उक्ता सौदा की जातवार मोजणी : कोकणातल्या एका मालकी रानाचं प्रकरण

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यातलं आहे. रानातली झाडं उक्ती, म्हणजे न मोजता एका ठोक रकमेला विकायची, की जातवार मोजून, हा त्यातला प्रश्न. गाव, माणसं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. यातले भाव त्या रानात, त्या हंगामात, त्या रस्त्यापर्यंतच्या अंतरासाठी ठरलेले होते. दुसऱ्या रानाला ते जसेच्या तसे लावू नयेत. उभ्या झाडाचा भाव जमीनमालकाच्या हातात पडेपर्यंत कसा घडतो आणि कुठे गळतो, ते या प्रकरणातून नीट दिसतं.

पार्श्वभूमी

घरापासून वर चढणीला साधारण चार एकरांचं मालकी रान. वडिलांच्या काळात शेताच्या बांधावर आणि रानाच्या खालच्या पट्टीत साग लावलेला. वरच्या उतारावर आपोआप वाढलेले ऐन, किंजळ, जांभूळ आणि खैर. मध्ये दोन बेहडे आणि सातवीण. पलीकडच्या कातळालगत सामाजिक वनीकरणाच्या दिवसांत लावलेला आकेशियाचा पट्टा. रानातून एक पऱ्या (ओढा) वाहतो आणि त्याच्या खालच्या झऱ्याचं पाणी फेब्रुवारीपर्यंत घराला पुरतं.

सातबाऱ्यावर तिघांची नावं. थोरले भाऊ गावात राहतात, भात आणि थोडी काजू. धाकटे नालासोपाऱ्याला नोकरीत. बहीण चिपळूणला दिलेली, वडील गेल्यावर वारस नोंदीत तिचंही नाव लागलेलं. घराचं छप्पर दोन पावसाळे गळत होतं. वासे किडले होते आणि भिंतीचा एक कोपरा खचला होता. सुताराने आणि गवंड्याने मिळून पावणेतीन ते तीन लाखांचा अंदाज दिला. कर्ज काढायचं तर हप्ता भरायचा कशातून, हा प्रश्न होता. म्हणून रानातली झाडं विकायची गोष्ट निघाली.

प्रश्न

दसऱ्यानंतर एक लाकूड व्यापारी रान बघून गेला. तासाभरात फिरून त्याने उक्ता भाव सांगितला, सगळ्या रानाचे सव्वातीन लाख. परवानगी तोच काढणार, मजूर त्याचे, ओंडके रस्त्यापर्यंत ओढून नेण्याचं काम, म्हणजे ओढणी, त्याची. मालकाने फक्त सह्या करायच्या. पन्नास हजारांचा विसार तो तिथल्या तिथे द्यायला तयार होता.

थोरल्या भावांनी विचारलं, "यात सागाचे किती धरलेत?" व्यापारी म्हणाला, "काका, रानाचा भाव रान बघून असतो. झाडं मोजत बसलो तर कोणाचंच घर चालणार नाही."

प्रश्न खरा तिथेच होता. सव्वातीन लाख हा आकडा घराच्या गरजेला पुरत होता. तो रानाच्या किमतीला पुरतो की नाही, हे कळायला कुटुंबाकडे काहीच साधन नव्हतं. उक्त्या सौद्यात साग, खैर, ऐन, आंबा आणि सरपण एकाच रकमेत जातात. व्यापाऱ्याच्या डोक्यात प्रत्येक जातीचा वेगळा हिशेब असतोच, तो वर्षानुवर्षं हेच करत आलेला असतो. मालक आयुष्यात एकदा, फार तर दोनदा रान विकतो. त्या दोघांमधली ही माहितीची दरी उक्त्या सौद्यात मालकाला महाग पडते, असं माझं स्पष्ट मत आहे.

विसार घेण्याआधी झाडं मोजायची, एवढं बहिणीने फोनवरून दोन्ही भावांकडून कबूल करून घेतलं. या प्रकरणातला तो पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा निर्णय.

मोजणी

मोजणीला साधनं साधी लागली. शिंप्याकडची टेप, चुना, वही आणि बांबूची एक काठी. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, प्रत्येक झाडाचा घेर घेतला. उताराच्या वरच्या अंगाला उभं राहून मोजायचं, नाहीतर खालून मोजल्यास घेर जास्त भरतो. प्रत्येक झाडाला चुन्याने क्रमांक, वहीत जात, घेर, सरळ सोट (फांद्यांखालचं खोड) किती फूट, आणि शेरा : वाकडा, पोकळ, पऱ्यालगत, वाळलेला.

एकूण ३२६ झाडं निघाली. साग ४६, खैर ३१, ऐन ५८, किंजळ ६४, रायवळ आंबा ५, फणस ३, जांभूळ ९, आकेशिया ७०. उरलेली ४० म्हणजे बेहडा, सातवीण, शिवण, कुंभा अशी मिसळ.

घनफळासाठी व्यापारात चालते तीच पद्धत धरली. ओंडक्याच्या मध्यावर सुतळी गुंडाळायची, त्या सुतळीची चार पदरी घडी घालायची, घडीची लांबी इंचात मोजायची. त्या आकड्याचा वर्ग करून फुटातल्या लांबीने गुणायचं आणि १४४ ने भागायचं. मध्यावर ३४ इंच घेर असलेल्या ओंडक्याची घडी साडेआठ इंच येते. पंधरा फूट लांबीला साधारण साडेसात घनफूट. गोल ओंडक्याच्या खऱ्या घनफळाच्या या पद्धतीत साधारण ७८.५ टक्केच धरले जातात. बाजारातले भाव याच मापावर ठरतात, त्यामुळे पद्धतीबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती घडीचा अर्धा इंच सोडून देण्याबद्दल. साडेआठची घडी आठ धरली की साडेसात घनफुटांचे पावणेसात होतात. एका ओंडक्यात ही घट किरकोळ वाटते. पण मधल्या जाडीचे १७ साग या रानात होते. तेवढ्यांवर साडेचौदा घनफूट, म्हणजे पुढे ठरलेल्या हजार रुपये घनफुटाच्या भावाने साडेचौदा हजार रुपये, नुसत्या अर्ध्या इंचात गेले असते. भाव वाढवून घेण्यासाठी मालक तासभर घासाघीस करतो आणि मापाच्या वेळी चहा आणायला घरात जातो, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे.

जातवार भाव असे का

मोजणीची वही घेऊन तीन खरेदीदारांना विचारलं : पहिला व्यापारी, आरागिरणी चालवणारा एक दुसरा आणि फक्त खैर घेणारा एक काताच्या धंद्यातला. दुसऱ्याने प्रत्येक जातीचा वेगळा भाव द्यायची तयारी दाखवली. तो असा होता, सगळा उभ्या झाडाचा, मालकाच्या हातात पडणारा :

— साग, छातीला ६० ते ९० सेंमी घेर : ५५० रुपये घनफूट
— साग, ९० ते १२० सेंमी : १,००० रुपये
— साग, १२० सेंमीच्या वर : १,४०० रुपये
— ऐन आणि किंजळ, ओंडक्याच्या लायकीचे : ३५० रुपये
— फणस : ४५० रुपये
— रायवळ आंबा : १३० रुपये
— आकेशिया : १,२०० रुपये टन
— मिसळ सरपण : ७०० रुपये टन

खैराला काताच्या खरेदीदाराने ३२,००० रुपये टन सांगितले, पण वजन फक्त लाल गाभ्याचं. साल आणि बाहेरचं पांढरं लाकूड तासून काढल्यावर जे उरेल तेवढंच काट्यावर.

सागात घेराप्रमाणे भाव एवढा का चढतो, हे घरच्यांना पटवायला थोडा वेळ गेला. बारीक सागात पांढरं लाकूड जास्त आणि गाभा कमी. चोवीस इंची ओंडक्यातून चौकटीचं लाकूड निघत नाही, फार तर पट्ट्या. चौकट, दाराची फळी, जिन्याचा भाल हे मोठ्या घेरातूनच सलग मिळतं. म्हणून घेर वाढला की घनफूटही वाढतात आणि घनफुटाचा भावही वाढतो. या रानातल्या बारीक सागाचं एक झाड सरासरी १,६५० रुपयांचं. मधल्या जाडीचं साडेसात हजारांचं. सर्वांत जाड सात झाडं प्रत्येकी पावणेएकोणीस हजारांच्या घरात. सागाच्या एकूण दोन लाख ९६ हजारांपैकी त्या सात झाडांचा वाटा एक लाख ३१ हजार, आणि २२ बारीक झाडांचा मिळून ३६ हजार.

म्हणजे पहिल्या व्यापाऱ्याचा सव्वातीन लाखांचा आकडा जवळजवळ एकट्या सागाचाच होता. खैर, ऐन, किंजळ, फणस, आंबा आणि सगळं सरपण त्याला तीस हजारांत पडलं असतं. वहीतल्या भावांनी सगळ्या रानाचा अंदाज चार लाख ६० हजारांच्या वर जात होता.

ऐनाची गोष्ट वेगळी. ५८ झाडांपैकी ओंडक्याच्या लायकीची फक्त २४ निघाली. कारण भाताच्या तरव्याला, म्हणजे रोपांच्या वाफ्याला, राब (पाला-फांद्या जाळून जमीन भाजणं) करायचा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या या झाडांची कवळ (पानांसकट कोवळ्या फांद्या) तोडली गेली. फांद्या वारंवार तोडल्याने सोट आखूड राहिला, गाठी झाल्या, काही ठिकाणी पाणी मुरून गाभा कुजला. अशा ऐनाला व्यापारी सरपणाचा भाव देतो आणि त्यात त्याचं चूक नाही. मात्र घराला ते झाड लाकडासाठी नाही, कवळीसाठीच हवं असतं, आणि ती किंमत कुठल्याही भावपत्रकात येत नाही.

स्वस्त जातींचा भाव एवढा खाली का, याचंही उत्तर हिशेबातच होतं. आरागिरणीच्या दारात मधल्या सागाला त्या वेळी १,५०० रुपये घनफूट भाव होता. त्यातून तोडणी आणि छाटणीचे ५०, उतारावरून रस्त्यापर्यंत ओढणीचे १५०, भरणी-वाहतुकीचे १३०, परवान्याच्या आणि मोजणीच्या धावपळीचे ४०, नफा-जोखमीचे १३० वजा जाता हजार उरतात. गिरणीवर ३५० मिळवणारा आंबासुद्धा जवळपास तोच तोडणीचा आणि वाहतुकीचा खर्च सोसतो. करवत आणि ट्रक जात बघून पैसे घेत नाहीत. म्हणून रस्त्यापासून लांब असलेल्या हलक्या जातीच्या झाडाला मालकाच्या हातात काहीच उरत नाही, आणि तरीही उक्त्या सौद्यात ते झाड तुटतंच.

कायद्याची चौकट

सौद्याआधी दोन गोष्टी तपासाव्या लागल्या. पहिली, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत खाजगी वनाची नोंद आहे का. महाराष्ट्रात १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने अनेक जमिनींवर तशा नोंदी आल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन खटल्यातल्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर मालकी कोणाचीही असली तरी वन ठरलेल्या जमिनीवरची तोड मंजूर कार्ययोजनेशिवाय होत नाही. इथे तशी नोंद नव्हती. असती तर हे प्रकरण इथेच थांबलं असतं.

दुसरी, १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा. त्याच्या अनुसूचीत साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, मोह, चिंच, बिवळा, हेदू, तिवस, अंजन, चंदन आणि खारफुटी येतात. ही झाडं स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. पक्व झालेल्या झाडाला परवानगी मिळते, पण तीव्र उतारावरच्या झाडाला ते पक्व आहे एवढ्या कारणाने मिळत नाही. आकेशिया अनुसूचीत नाही. माल हलवायला वाहतूक परवाना लागतो तो वेगळा.

परवानगी व्यापारी काढणार म्हणजे मालकाचं काम वाचतं, असं वाटतं. प्रत्यक्षात मालक कोऱ्या अर्जांवर सह्या देतो, किती झाडांची आणि कुठल्या झाडांची परवानगी निघाली हे त्याला कळत नाही, आणि मंजुरीपेक्षा एखादं झाड जास्त तुटलं तर वनखातं मालकाच्याच दारात येतं.

पर्याय

कुटुंबासमोर चार वाटा होत्या.

उक्ता सौदा : लगेच पैसे, कटकट नाही, रान उघडं.

स्वतः तोडून गिरणीवर माल देणं : कागदावर सर्वांत जास्त पैसे. पण मजूर, मशीन, ओढणी आणि ट्रक यांचे पैसे आधी घालावे लागले असते, आणि ओंडका गिरणीच्या दारात पडल्यावर भाव पाडून मागितला तर तो परत आणता येत नाही. थोरले भाऊ एकटे गावात, वय साठीच्या पुढे. हा पर्याय लवकरच बाजूला पडला आणि ते योग्यच झालं.

उभी झाडं, पण निवडून आणि मापावर विकणं : परवानगी स्वतःच्या नावावर काढायची, झाडं स्वतः ठरवायची, पैसे प्रत्यक्ष मापाप्रमाणे. वेळ जास्त जाणार.

थांबणं : छप्परावर ताडपत्री टाकून अजून काही वर्षं काढायची आणि बारीक साग मधल्या वर्गात जाऊ द्यायचा. हिशेबाने हा मोह मोठा होता, कारण बारीक झाड मधल्या जाडीला पोहोचलं की त्याची किंमत चौपटीच्या वर जाते. पण किडके वासे डोक्यावर घेऊन कोणी थांबू शकत नाही.

याच टप्प्यावर पहिला व्यापारी पुन्हा आला. मोजणी झाल्याचं त्याला कळलं होतं. त्याने उक्ता आकडा एकदम तीन लाख ९० हजारांवर नेला.

निर्णय कसा झाला

हा या प्रकरणातला अवघड क्षण. निवडून विकायचा जो बेत वहीत मांडला होता, त्यात मधले १७ आणि जाड ७ साग, तोडण्याइतका घेर असलेले १२ खैर, सगळा आकेशिया आणि फळ न धरणारे दोन जुने आंबे होते. अंदाज सव्वातीन लाखांच्या किंचित वर. समोर उक्ते तीन नव्वद, रोख. धाकट्या भावाचं म्हणणं सरळ होतं. साठ-पासष्ट हजार जास्त मिळताहेत, कटकट नाही, आणि मुंबईहून कोण येणार दर वेळी सह्यांना?

त्याला उत्तर आकड्यांनीच मिळालं. बेताबाहेर राहणाऱ्या झाडांची बेरीज केली. बारीक साग ३६ हजार, ऐन-किंजळीचे ओंडके ७३ हजार, फणस आठ हजार, मिसळ सरपण साडेसतरा हजार. त्या वेळच्या भावाने एक लाख ३५ हजारांचं रान साठ-पासष्ट हजारांना जात होतं, म्हणजे निम्म्या भावाने. आणि त्यातला बारीक साग व कोवळा खैर हाच पुढच्या वीस वर्षांत खरा पैसा देणारा होता.

थोरल्या भावांना पैशापेक्षा झऱ्याची चिंता होती. वरचा उतार उघडा पडला तर फेब्रुवारीपर्यंतचं पाणी डिसेंबरातच आटेल, असं ते म्हणाले. शिवाय तरव्याला कवळ कुठून आणायची? बहिणीचं एकच मागणं होतं, "दादा, घराच्या वळणावरचा आंबा मात्र तोडायचा नाही." तो फळ धरत नव्हता हे सगळ्यांना माहीत होतं. तरी तो यादीतून काढला. बेहडे पोकळ होते आणि त्यांच्या ढोलीत धनेशाची जोडी विणीला येते. व्यापाऱ्याच्या लेखी पोकळ बेहड्याची किंमत सरपणाएवढी, त्यामुळे ते ठेवायला घराला काही सोसावं लागलं नाही. अशी झाडं उक्त्या सौद्यात फुकट जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

तिघांनी मिळून निवडून विकायचं ठरवलं.

कृती

अर्ज तिघांच्या सह्यांनी, थोरल्या भावांच्या नावे मुखत्यारीने. सोबत सातबारा, नकाशा आणि झाडांची क्रमांकवार यादी. पऱ्यालगतचं आणि तीव्र उतारावरचं एकही झाड यादीत घेतलं नाही. पाहणीला आलेल्या वनरक्षकाला वहीतले आणि झाडावरचे चुन्याचे क्रमांक जुळवून दाखवता आले, त्यामुळे ती एका फेरीत आटोपली. दिवाळीनंतर अर्ज, मार्चमध्ये परवानगी.

खरेदीदाराशी साध्या स्टँपपेपरवर करार झाला. त्यातली कलमं थोडी, पण प्रत्येक कलम कुठल्या ना कुठल्या जुन्या भांडणातून आलेलं. माप ओंडका पडल्यावर, साल काढून, दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर. घडीचा अर्धा इंच धरायचा, पाव इंच सोडायचा. पोकळ निघालेल्या भागाची वजावट फक्त तेवढ्या लांबीची, सगळ्या ओंडक्याची नाही. आकेशिया आणि खैर तोडीच्या दिवशीच काट्यावर, कारण ओलं लाकूड उन्हात पडलं की वजन उतरतं आणि नुकसान मालकाचं होतं. विसार पाव रकमेचा. पुढचा ट्रक भरण्याआधी मागच्या ट्रकाचे पैसे खात्यात. यादीबाहेरचं झाड तुटलं तर दुप्पट भाव.

तोड एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाली. साग पाडताना एक मजूर कोयत्याच्या पाठीने बुंधा ठोकून ऐकत होता. दोन जाड झाडांचा आवाज बद्द आला आणि कापल्यावर बुंध्याचा गाभा खरंच पोखरलेला निघाला. खैर तासताना पांढरं लाकूड अंदाजापेक्षा जाड निघालं. उतारावरच्या खडकाळ जमिनीतल्या दोन बारक्या झाडांत मात्र गाभा सालीपर्यंत भिडलेला होता. नुसत्या घेरावरून खैराची किंमत सांगता येत नाही, ते असं.

निष्पत्ती

मधल्या जाडीचा साग १२४ घनफूट भरला, एक लाख २४ हजार. जाड साग अंदाजाच्या ९४ ऐवजी ८३ घनफूट, एक लाख १६ हजार २००. खैराचा गाभा १.०८ टन, ३४ हजार ५६०. आकेशिया साडेतेरा टन, १६ हजार २००. एक आंबा ४३ घनफूट, साडेपाच हजारांच्या आसपास. एकूण दोन लाख ९६ हजार. अर्ज, स्टँप, काटा, प्रवास आणि बदल्यात लावायची रोपं यांत नऊ हजारांच्या आसपास गेले.

हातात आलेली रक्कम पहिल्या उक्त्या भावापेक्षा कमी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या उक्त्या भावापेक्षा तर लाखाने कमी. त्या बदल्यात आकेशिया सोडला तर २५६ झाडांपैकी फक्त ३७ तुटली. बारीक २२ साग, १९ खैर, ऐन, किंजळ, फणस, बेहडे सगळे उभे आहेत. छप्पर मे अखेर पूर्ण झालं. वाशांसाठी मात्र लाकूड विकत घ्यावं लागलं.

वेगळं काय करता आलं असतं

वाशांचं लाकूड विकत घेणं टाळता आलं असतं. सरळ किंजळीची पाच-सहा झाडं त्याच परवानगीत घरवापरासाठी मागून घेतली असती तर छपराचा खर्च घटला असता. विकायची झाडं आणि घरात लागणारी झाडं यांची यादी एकत्र करायचं कोणाच्याच मनात आलं नाही.

मधल्या जाडीचे सगळे १७ साग घेणं हाही पुन्हा तपासण्यासारखा निर्णय आहे. त्यातली सात-आठ झाडं सरळ, मोकळ्या जागेतली आणि जोमाने वाढणारी होती. ती अजून काही वर्षं उभी राहिली असती तर हजाराच्या भावातून चौदाशेच्या भावात गेली असती, घनफूट वाढले असते ते वेगळेच. त्यांच्याऐवजी दाटीतली वाकडी झाडं आणि कातळाजवळच्या सपाटीवरचे काही किंजळ घेतले असते तर पैसे थोडे कमी पडले असते, पण रानाची ठेव चांगली राहिली असती. कुटुंबाला रक्कम पुरेशी व्हावी याची घाई होती आणि ती समजण्यासारखी आहे.

ओढणीचा रस्ता आधी आखायला हवा होता. मजुरांनी जवळची वाट धरली आणि ओंडक्यांखाली खैराची बरीच रोपं मोडली. करारात यादीबाहेरच्या झाडाचा दंड होता, रोपांबद्दल एक शब्दही नव्हता.

शेजारच्या दोन घरांनाही त्याच हंगामात साग विकायचा होता, हे नंतर कळलं. तिघांचा माल एकत्र असता तर ट्रक भरून गेले असते आणि ओढणी-वाहतुकीचे २८० रुपये खाली आणता आले असते. पाच-सहा झाडंच विकणाऱ्याला तर एकत्र येण्याशिवाय चांगला भाव मिळणं कठीणच आहे, कारण अर्ध्या ट्रकाचं भाडं शेवटी झाडाच्या भावातूनच वजा होतं.

मोजणीची वही थोरल्या भावांनी जपून ठेवली आहे. तुटलेल्या झाडांसमोर खूण केली आहे. उरलेल्या सागाचा घेर दर तीन वर्षांनी, पावसाळा संपल्यावर, त्याच टेपने घ्यायचा असं ठरलं आहे. पुढची परवानगी कधी मागायची ते त्या आकड्यांवरून ठरेल.